लोणच्याचा चोर

राजेश्वरीचं मोबाईलवरचं लोणच्याचं दुकान ऐन मोसमात बंद पडलं. नाशिकच्या अमृत नावाच्या गिऱ्हाईकाने तक्रार ठोकली होती, ‘दारातून तीन बरण्यांचं पार्सल चोरीला गेलं, पैसे परत द्या.’ भांडण मिटेपर्यंत अ‍ॅपच्या कंपनीने दुकानाला कुलूप लावलं आणि काष्टीतल्या घरात लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या भिंतीला टेकून बसल्या.

राजेश्वरीने अमृतला फोन लावला. “अहो, डिलिव्हरीच्या फोटोत पार्सलाशेजारी नवे कोरे बूट दिसतायत. चोराने बूट सोडून लोणचं नेलं?”

“आता चोराची आवड मी काय सांगू?” तो म्हणाला.

सासू बनुबाई लिंबं चिरता चिरता ऐकत होती. “आन इकडं त्यो फोन.”

“आत्या, भांडू नका हां.”

“मी कशाला भांडू?” बनुबाईने पदराला हात पुसून फोन घेतला आणि आवाजात साखर घोळली. “दादा, गेलं ते गेलं. पन बरनी भरताना माझ्या नाकातली चमकी पडली बगा त्यात. सोन्याची हुती. चोराच्या घशात अडकली तर त्येच्या लेकराबाळांनी काय करायचं?”

“सोन्याची?” अमृतने विचारलं. मग “बघतो... म्हणजे, चौकशी करतो,” म्हणत त्याने घाईने फोन ठेवला.

राजेश्वरीने सासूकडे पाहिलं. चमकी बनुबाईच्या नाकात झकास चमकत होती.

“आत्या, चक्क खोटं?”

“खोटं कसलं? त्येच्याकडं न्हाई ती बरनी, अन् बरनीत न्हाई ती चमकी. फिट्टंफाट!”

टोपलीतली लिंबं संपायच्या आत फोन वाजला. राजेश्वरीने स्पीकर लावला.

“काकू, मी अमृतची बायको,” एक बाई धापा टाकत बोलली. “तिन्ही बरण्या परातीत उपसल्या, फोड न् फोड चाचपली. चमकी नाही हो कुठं!”

मागून अमृत ओरडला, “अगं, सांगतेस कशाला! आपल्याला पार्सल मिळालंच नाहीये!”

मग राजेश्वरी गोड आवाजात म्हणाली, “तक्रार मागं घेताय ना, दादा?”

दुपारी कंपनीचा निरोप आला, ‘पार्सल शेजाऱ्यांकडे सापडल्याचे ग्राहकाने कळवले आहे.’ दुकान उघडलं. राजेश्वरीने सासूला मिठीच मारली. तेवढ्यात मोबाईल वाजला. पहिलीच ऑर्डर नाशिकची होती, अमृतच्या बायकोची. आणखी चार बरण्या.

“पाठवू का, आत्या?”

“पाठव की, लई आवडलेलं दिसतंय,” बनुबाई नवं लिंबू उचलत म्हणाली. “पन पोचवनाऱ्याला सांग, दारात ठिवू नको म्हनावं. चोराच्या हातातच दे.”