परतीचं भाडं

“येणं फुकट होतं, साहेब. जाणं माणशी शंभर,” होडीवाला म्हणाला आणि फिल्टरवाल्यांचा हात आपोआप खिशातल्या पाकिटावर गेला.

त्यांना सगळे फिल्टरवाले म्हणत, कारण पाण्याचे फिल्टर विकण्यात त्यांची हयात गेली होती. धंद्याची रीत सोपी. मशीन जवळजवळ फुकटात गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं आणि मग आतली कांडी बदलायची वेळ आली, की सोन्याच्या भावाने पैसे घ्यायचे. तेव्हा हा डाव त्यांनी लांबूनच ओळखायला हवा होता. पण सुट्टीवर निघताना माणूस अक्कलही घरी विश्रांतीला ठेवून येतो. समोरच्या किनाऱ्यावर हातभर अक्षरांत पाटी होती, ‘बेटावर चला, फुकट!’ आणि बायको नको नको म्हणत असताना फिल्टरवाल्यांनीच तिला आणि सासूबाईंना ओढत होडीत बसवलं होतं.

“पाटीवर फुकट लिहिलंय!” ते ओरडले.

“बेटावर चला, फुकट, असं लिहिलंय. परत या, असं कुठे लिहिलंय?”

“देऊन टाका ना हो, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “देवाच्या दयेने आहेत आपल्याजवळ.”

“प्रश्न पैशांचा नाही, आई. प्रश्न तत्त्वाचा आहे!”

ज्याला पैशांचाच प्रश्न असतो, तो नेहमी हेच म्हणतो. बेट म्हणजे तरी काय, नुसती वाळू, चार झुडपं आणि एक बंद पडलेली सरबताची टपरी. त्यावर तीस-चाळीस माणसं पायांवर वाळू घेत निवांत बसलेली. कुणालाच परतायची घाई नव्हती. फिल्टरवाल्यांनी टपरीशेजारचं एक खोकं पालथं घातलं आणि त्यावर ते उभे राहिले.

“मंडळी, कोणीही होडीत बसू नका! नीट ऐका. इथे होडी एकच आहे. दुसरी येणार नाही. त्यालाही अंधाराच्या आत घर गाठायचंय. आपण हललो नाही, तर झक मारत पन्नासवर येईल!”

हिशेब बिनचूक होता. पण माणसाचा कान मोठा लबाड. दहा शब्द पडले, तर त्यातले भ्यायला उपयोगी पडणारे तेवढे उचलतो आणि बाकीचे वाळूत सांडून देतो.

“दुसरी होडीच नाही?” कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने विचारलं.

“नाही ना! म्हणून तर म्हणतो—”

म्हणून तर बाई धावतच सुटली. तिच्यामागे तिचा नवरा, त्याच्यामागे एक नवं जोडपं, आणि बघता बघता होडी भरली. होडीवाला हात बांधून, मान डोलवत भाषण ऐकत होता. एखाद्या भाविकाने कीर्तन काय ऐकावं! पुढच्या फेरीला भाव दीडशे झाला.

“अहो, दीडशे झाले,” बायको म्हणाली.

“घाबरलाय तो. घाबरला की माणूस भाव वाढवतो.”

हे शास्त्र त्यांनी त्याच क्षणी बनवलं होतं. आता त्यांच्या बाजूने एक टोपीवाले जाडजूड गृहस्थ तेवढे ठाम उभे होते. “मी मागे हटणार नाही, साहेब!” त्यांनी छाती पुढे काढली. उरलेली मंडळी त्यांच्याकडे बघत होती. फिल्टरवाल्यांना हुरूप आला.

“शाब्बास! आता भरती येईल. लाटा वाढतील. मग बघा, तोच येईल आपल्या विनवण्या करायला!”

“लाटा किती वाढतात?” टोपीवाल्यांनी विचारलं.

“चिकार!”

टोपीवाले असे पळाले, की टोपी वाळूत पडली तरी मागे वळले नाहीत. त्यांच्यामागोमाग बाकीचेही गेले. भाव दोनशेवर पोचला. शेवटचे काही जण तर दोनशे हातात धरून गुडघाभर पाण्यात उभे राहिले होते आणि “आधी मला, आधी मला” करत होते. होडी त्यांना घेऊन निघून गेली. मोटारीचा आवाज बारीक होत होत विझला.

मग बेटावर तिघंच उरले.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “तो परत येईल ना?”

हा विचार फिल्टरवाल्यांना शिवलाच नव्हता. खिसा भरलेला माणूस तिघांसाठी कशाला उलटा येईल? घर गाठेल, हातपाय धुऊन जेवायला बसेल. आपणच केलेलं भाषण आता त्यांना शब्दन् शब्द आठवू लागलं. होडी एकच. दुसरी येणार नाही. लाटा वाढतील. चिकार! पाण्यावर नजर ठेवायला त्यांनी मघाशी काठावर एक काठी रोवली होती, तिकडे ते धावले. काठी नव्हती.

“गेली! पाण्याने काठी गिळली! चला, टपरीवर चढा! आई, आधी तुम्ही!”

“ही का काठी?” सासूबाई मागून म्हणाल्या. “वाळूत पाय रुततात, म्हणून मी घेतली टेकायला.”

फिल्टरवाले मटकन खाली बसले. सासूबाई शेजारी टेकल्या आणि बारीक आवाजात देवाचं नाव गाऊ लागल्या. एरवी त्यांचं भजन सुरू झालं, की दुकानाची कामं आठवणारे जावईबापू आज त्यांच्यामागून ओळ उचलत होते, सुरात नसेल, पण जिवापासून. ‘देवा, मागेल ते भाडं देतो, पण या दोघींना सुखरूप पोचव,’ एवढंच मनात होतं. अंधार उतरला. वारा सुटला. बायकोने त्यांचा दंड असा धरला, की बोटं उमटली.

आणि मग लांबवर एक दिवा दिसला.

होडी काठाला लागली. “बसा,” होडीवाला म्हणाला.

“किती?” फिल्टरवाल्यांनी पाकीटच पुढे केलं.

“काही नाही.”

दोनशे ऐकून झाले नव्हते एवढे ते आता गर्भगळीत झाले. “काही नाही म्हणजे? मी फुकट बसणार नाही! आधी भाव सांग!”

“अहो, चढा मुकाट्याने!” म्हणत बायकोनेच त्यांना आत लोटलं.

होडी निघाली. चहूकडे काळंभोर पाणी. निम्म्या वाटेवर आल्यावर होडीवाल्याने अचानक मोटार बंद केली.

“आता सांगेल बघ,” फिल्टरवाले बायकोच्या कानात पुटपुटले.

“आवाजात बोलता येत नाही, म्हणून थांबवली,” होडीवाला म्हणाला. “साहेब, लोक रोज अंधार पडेपर्यंत वाळूत बसून राहतात आणि घासाघीस करतात. शेवटी पन्नासमध्ये न्यावं लागतं. आज तुम्ही बोललात आणि माणसं दोनशे देऊन वर माझे आभार मानत होती. अन् ते भरतीचं काय सुचलं हो तुम्हाला! पाणी तर दुपारपासून उतरतंय. उद्या याल का? येणं फुकट, जाणं फुकट. वर प्रत्येक फेरीमागे तुमचा वाटा.”

“अगंबाई!” बायकोला सुटल्यासारखं झालं. तिला हसूच फुटलं. “सांगा त्याला, नको म्हणून. आणि चला लवकर.”

फिल्टरवाले काळ्या पाण्याकडे एकटक बघत होते.

“अहो?” बायकोचं हसू मावळलं.



“इथे मगरी आहेत का हो?” त्यांनी होडीवाल्याला विचारलं.

“छे! समुद्रात कुठल्या मगरी?”

“नाहीत, ते ठीक आहे,” फिल्टरवाले त्याच्याजवळ सरकत म्हणाले. “पण असू शकतात ना?”