अनुक्रमांक तेवीस

जगात बंदूक नावाची वस्तूच नाही, असं आमचे सोनकांबळे मामा मानत. मामा शस्त्र परवाना शाखेचे अव्वल कारकून होते, एवढीच त्यातली अडचण.

एखादा शेतकरी येऊन म्हणाला, "बंदुकीचं लायसन पायजे," की मामा चष्म्यावरून बघत. "बंदूक म्हंजे काय? नळी हाय, दस्ता हाय, चाप हाय, घोडा हाय. ह्यात बंदूक कुठंय, दाव की." अर्जदार रानडुकरांनी आधीच हैराण झालेला असे. तो हात जोडून म्हणे, "समदंच पायजे, साहेब." "हां, असं बोल," म्हणत मामा अर्ज घेत.

नवा जिल्हा झाला तेव्हा मी नांदेडहून बदलून आलो. जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून टँकरने रस्त्यावर पाणी मारलं. कडेला रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी तो सोहळा मन लावून पाहिला. कचेरीला इमारत नव्हती. एका जुन्या गोदामात आम्ही जिल्हा चालवत होतो. कोपऱ्यात माठ होता. तो बहुधा शोभेला होता.

माझं टेबल मामांच्या शेजारी आलं. पहिल्याच दिवशी, मी विचारलं नसताना, त्यांनी मला चकमकीच्या बंदुकीचं शास्त्र सांगितलं.

"ह्यो घोडा," त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. "ह्याच्या जबड्यात गारगोटी. चाप वढला की कमान घोड्याला पुढं फेकती. गारगोटी पोलादाच्या पट्टीवर घासती, पट्टी पुढं उलटती, तिच्याखालचा पेला उघडा पडतो, ठिणगी पेल्यात. पेल्यात रंजक, म्हंजे बारीक दारू. ती भडकली की जाळ ह्या बारक्या भोकातनं नळीत. भोकाला कान म्हणतेत. आत बार उडतो. आलं ध्यानात?"

"आलं."

"मंग सांगा."

मी दोनदा नापास झालो. गंमत म्हणजे सरकारी कारभार मला पुढे याच यंत्रावरून समजला. टँकरची मंजुरी वर झाली आणि पाणी गावात पोचलं नाही की मामा म्हणत, "वर रंजक जळती, आत बार पेटत न्हाई. कान बुजलाय, भाऊ." फाईल अडली की, "घोडा अर्ध्यावर हाय." घोड्याला मधे एक खाच असते, तिथे अडकवला की चाप कितीही ओढा, तो पडत नाही. आमच्या कचेरीतले निम्मे कागद त्या खाचेत होते.

मामांची आणखी एक ख्याती होती. त्यांनी आयुष्यात चूक कबूल केली नव्हती. बेरीज चुकली तर रकाना अरुंद असे, तारीख चुकली तर कॅलेंडर. "चूक लोखंडात असती," ते म्हणत, "मानसानं फकस्त ती घासून काढायची."

जुन्या जिल्ह्याने वाटणीत आम्हाला एक ट्रक सामान पाठवलं. त्यात तीन पायांच्या खुर्च्या, किल्ल्या हरवलेली कपाटं आणि मालखान्यातल्या अकरा बेवारस बंदुका होत्या. निजामाचं राज्य गेलं तेव्हा जमा झालेल्या, नंतर कुणी न्यायला न आलेल्या. हुकूम असा होता की यादी करावी, पंचांसमक्ष मोडाव्यात आणि भंगारात द्याव्यात.

दुसऱ्या कुणी 'जुन्या बंदुका, नग अकरा' असं लिहून चहा मागवला असता. मामांनी यादी सुट्या भागांची केली. त्यातली एकच बंदूक चकमकीची होती, आणि एवढी गंजलेली की उघडत नव्हती. तरी मामांनी तिचे तेवीस भाग न उघडता लिहिले. तेविसावा होता: 'गारगोटी घट्ट बसावी म्हणून घोड्याच्या जबड्यात घातलेला चामड्याचा तुकडा, नग एक.'

साहेबांनी त्यावर काट मारली. साहेब पुण्याकडचे, तरुण, प्रशिक्षण ताजं. मामांनी खाली टिपणी लिहिली: 'लोखंड दगडास धरीत नाही. चामडे नसल्यास गारगोटी निखळते, ठिणगी पडत नाही, सबब शस्त्र निरुपयोगी. म्हणून चामडे हा शस्त्राचा अत्यावश्यक भाग आहे.' साहेबांनी पुन्हा काट मारली. मामांनी पुन्हा टिपणी लिहिली. गावोगावी विहिरी आटत होत्या आणि आमची कचेरी दोन बोटं चामड्यावर पंधरा दिवस लढत होती. शेवटी साहेबांनी कंटाळून सही केली. त्या आनंदात मामांनी सगळ्यांना चहा पाजला. पाण्याअभावी अर्धा अर्धा कप.

मोडायचा दिवस आला. अंगणात लोहार घण घेऊन बसला, पंच सावलीत बसले, साहेब खुर्चीत. मामा यादीतला एकेक भाग वाचत गेले आणि दहा बंदुका मोडल्या. अकरावी आली तेव्हा मामा म्हणाले, "ही मी खोलतो." रात्रभर तेल पाजून त्यांनी तिचा पेच सैल केला होता. जबडा उघडला, गारगोटी निघाली, तिच्यामागून चामडं निघालं. काळं, वाळून वळलेलं, एका कडेला शिवणीची दोन भोकं. मामांनी ते तळहातावर घेतलं आणि यादी वाचायची थांबवली.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"साहेब, ह्ये तेवढं मला द्या."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी फाईल मागवली आणि मामांची टिपणी मोठ्याने वाचली. 'अत्यावश्यक भाग' हे शब्द दोनदा. "यादीतला प्रत्येक भाग नष्ट करायचा आहे, सोनकांबळे. तुम्हीच लिहून घेतलंय माझ्याकडून."

"हाव, साहेब."

"मग आता कसं?"

कचेरी खुशीत होती. मीही होतो, खोटं कशाला सांगू. मामा आत गेले, टेबलाशी बसले, आणि पाच ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला. कागद मीच साहेबांकडे नेला म्हणून मला वाचायला मिळाला. 'अनुक्रमांक तेवीसबाबत माझ्या टिपण्या चुकीच्या आहेत. चामड्याचा तुकडा शस्त्राचा भाग नाही. यादीतून वगळावा व मला मिळावा. चूक माझी आहे.' खाली पूर्ण सही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग सही केली.

संध्याकाळी मामा चामडं टिपकागदात गुंडाळत होते. बंदुकीला बांधलेली जुनी चिठ्ठी टेबलावर पडली होती. तिच्यावरचं गाव रेणापूरकडचं, मामांचंच. ते नाव मी यादीत वीसदा वाचलं होतं.

"तुमच्या घरातली होती?" मी विचारलं.

"आमच्या घरात कुठली बंदूक, भाऊ? पाटलाची. बाप वाहायचा. पाटील घोड्यावर, बाप मागनं बंदूक घिऊन पायी. पुसायची त्यानं, तेल घालायचं त्यानं. चापाला हात लावायचा न्हाई. रातच्याला मातीत काडीनं काढून आम्हाला एकेक भाग शिकवायचा." त्यांनी पुडीला एक घडी घातली. "एकदा जबड्यातलं चामडं झिजलं. पाटील म्हणला, बघ तुझं तू. बापानं सोताची चप्पल कापली."

"आणि मग पायात घातलं काय?"

"काय घालायचंय? गावातनं जाताना आम्हाला चप्पल हातातच धरावी लागायची."

मला पंधरा दिवसांची ती लढाई आठवली. तेवीस नंबर सरकारी कागदावर यावा म्हणून मामा का हटून बसले होते, ते आत्ता कळत होतं. आणि आज त्यांनी तो स्वतःच्या हाताने खोडला होता.

"मामा, खरं सांगा. चामडं बंदुकीचा भाग असतो की नाही?"

बंदुकीबद्दलच्या प्रश्नाला त्यांनी इतका वेळ कधीच घेतला नव्हता. टिपकागदाची पुडी त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, बटण लावलं.

"न्हाई," ते म्हणाले. "चपलीचा हाय."