अप्पांच्या हातातला अबोला

दिवाळी झाली आणि अप्पांच्या उजव्या हाताच्या मज्जातंतूने त्याच हाताच्या स्नायूशी अबोला धरला. दोघांचे निरोप पोचवण्याचं काम घरातली मुलगी म्हणून चारुताकडे आलं.

निमित्त झालं गॅसच्या सिलिंडरचं. स्नायूचं म्हणणं, न विचारता उचलायला लावला. मज्जातंतूचं म्हणणं, आम्ही हुकूम देतो, विचारत नाही.

डॉक्टरांनी हात तपासला. “या दोघांत मुळातच एक बारीक फट असते. मज्जातंतू तिथे रसायनाचा थेंब सोडतो, तो पलीकडे पोचला की स्नायू आवळतो. सध्या मज्जातंतूसाहेब थेंब सोडत नाहीयेत. मानी आहेत. घरात मध्ये पडणारं कोणी आहे का?”

सगळ्यांनी चारुताकडे बघितलं.

तेव्हापासून ती जेवायला अप्पांना खेटून बसे.

“सांग त्याला, घास उचल म्हणावं,” कोपरातून मज्जातंतू म्हणे.

चारुता मनगटाकडे वाकून सांगे.

“त्याला म्हणावं, जरा नीट शब्दांत सांग,” स्नायू म्हणे.

“अहो, एका हातात राहता तुम्ही! ऐकू येतं की सगळं!”

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” हे मात्र दोघेही म्हणत.

अप्पांना यात वावगं काही वाटत नव्हतं. त्यांचं आणि धाकट्या काकांचं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि तिथलेही निरोप चारुताच पोचवत आली होती.

मग तिला हैदराबादच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली.

“आणि माझ्या हाताचं काय?” अप्पांनी विचारलं.

“डावा आहे ना.”

“डाव्याने जेवू? डाव्याने पूजा करू?”

“मग त्या दोघांना बोलतं करा. मी माणूस आहे अप्पा, रसायनाचा थेंब नाही!”

“जरा सबुरीने घे गं,” आई म्हणाली. “मोठे आहेत ते.”

“कोण? स्नायू?”

“वयाने अप्पांएवढाच आहे.”

दुसऱ्या दिवशी चारुता बॅग घेऊन निघाली. अप्पा दाराजवळच्या खुर्चीत तोंड फिरवून बसले होते. ती शेजारून जाताना त्यांचा उजवा हात मांडीवरून झटक्यात उठला आणि त्याने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. मध्ये कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

चारुताने हाताकडे बघितलं.

“म्हणजे येतं तुम्हाला बोलायला.”

अप्पा पंख्याकडे बघू लागले.

तिने करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट सोडवलं. अंगठ्याला सगळ्यात जास्त जोर लागला. मग ती रिक्षात बसली आणि म्हणाली, “स्टँडवर घ्या.”