पोचल्याचा फोन

माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, त्यामुळे लिहिलेलं वाचून चुका दाखवणारंही कुणी नाही. तरी शेजारच्या भूपालआण्णांबद्दल लिहितोय. चुकलं तर माफ करा.

घरातलं कुणी परगावी निघालं, की पोचल्याचा फोन येईपर्यंत आण्णा घरात केर काढू देत नाहीत. माणूस बाहेर पडल्यावर लगेच झाडू नये, हे आपण सगळेच पाळतो, पण घटकाभर. आण्णांचा कायदा कडक, आणि तो गल्लीलाही लागू. मी गारगोटीला मामाकडे निघालो, तरी ते भिंतीवरून आईला बजावणार, "वैनी, ठेवा ती केरसुणी. पोरगं अजून बशीत हाय."

गेल्या महिन्यात त्यांची एकुलती एक लेक पद्मा नोकरीसाठी मेलबर्नला निघाली. काकू पूर्वीच गेलेल्या. म्हणजे आता घरात आण्णा एकटेच.

"कॉलेज," मला ते याच नावानं हाक मारतात, "मुंबईपास्नं आंतर किती?"

मी मोबाइलवर बघितलं. "दहा हजार किलोमीटरच्या आसपास. साडेबारा तास लागतात."

"चहाला थांबून?"

"मधे थांबत नाही, आण्णा. खाली समुद्र आहे."

"मग ड्रायव्हर जेवायचा कुठं? चौदा तास धर."

पद्माला विमानतळावर सोडून आण्णा रातच्या बसनं परत आले आणि कट्ट्यावर बसले. आत निरोपाला आलेल्या पावण्यांनी सांडलेली शेंगांची टरफलं तशीच पडलेली. दुपारी मी त्यांना मोबाइल दाखवला. विमान उतरलं होतं.

"विमान उतरलं. पोरगी पोचली म्हणून कोण सांगितलं?"

आईनं पाठवलेल्या भाकरीला त्यांनी हात लावला नाही. तास गेला, दुसराही गेला. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "शेंगाच्या चटणीपायी तिकडं माणसाला धरून ठेवत्यात काय रं?"

"का?"

"ती नको म्हणालती. मीच कोंबलीया बॅगंत, तिला न सांगता."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"आण्णा, पोचले मी. चटणी बघून तपासणीवाल्यांनी मला बाजूला उभी केलती, आता सोडलं. हसत होते सगळे." मग पद्माचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही पोचलासा न्हवं घरात नीट?"

आण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"सकाळीच पोचलो, बाळ," ते म्हणाले. "सांगायचं कुणाला, म्हणून ऱ्हायलं."