ओतुरकरकाकांच्या वाघिणी

आल्मेरे या डच शहरातल्या आमच्या गल्लीत लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात, कोपऱ्यावरच्या डच आजोबांनी कोंबड्या पाळल्या आहेत. आमच्या शेजारचे ओतुरकरकाका मात्र वाघिणी पाळतात.

हे मला कळलं ते आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात. भिंतीला भोकं पाडायचं मशीन मागायला मी त्यांच्याकडे गेले. मंदाकाकूंनी दार उघडलं आणि वरून आवाज आला, "दार हळू लाव. वाघिणीचा पाय अजून वाळतोय." मी बाहेरच थांबले. काकूंनी अगदी शांतपणे माझ्या पायातल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काढ आणि ये आत. काही करत नाहीत त्या."

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. शाळेत कधीतरी वाचलेला हा शब्द मी विसरून गेले होते. काकांनी तो पुन्हा शिकवला, आणि 'डबा' म्हणायची बंदी केली. डबा पोह्यांचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या माळ्यावर, ज्याला इथे सगळे झोल्डर म्हणतात, अशा डझनभर वाघिणी एका फळीवर ओळीनं उभ्या आहेत. सगळ्या एकाच जातीच्या. धान्य वाहणारी ब्रिटिश हॉपर वाघीण. वर बंद छप्पर, छपराला धान्य ओतायच्या झडपा, खाली नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं पोट, पोटाच्या तळाशी धान्य सोडायचं दार आणि चाकं, ज्यांना काका पाय म्हणतात. खऱ्या वाघिणीच्या शहात्तर पट लहान. ओंजळीत मावते, पण काका ओंजळीत देत नाहीत.

मी पहिल्यांदा विचारलं, इंजिन कुठे आहे? काका म्हणाले, इंजिन कुणीही करतं. मग रूळ? रूळ लागले तर बघू. प्रवासी डबे? त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी मशीन घेऊन निमूट घरी आले.

काकांची सगळी नोकरी आइंडहोवनला यंत्रांच्या नाजूक भागांचे आराखडे काढण्यात गेली. तिथे केसाच्या जाडीची चूकसुद्धा चालत नसे. निवृत्त होऊन आल्मेऱ्यात आले तरी ती सवय काही निवृत्त झाली नाही. त्यांच्यासमोर 'साधारण' हा शब्द उच्चारायचा नाही. "साधारण नको, नेमकं सांग," हे ते डॉक्टरला सांगतात, भाजीवाल्याला सांगतात आणि फोनवर पुण्याच्या मेव्हण्यालाही सांगतात. काकू आमटीत अंदाजानं मीठ घालतात, तेव्हा ते स्वयंपाकघरातून बाहेर निघून जातात. त्यांना ते बघवत नाही.

दिवाळीच्या आधी एकदा काकू माझ्याकडे खसखस मागायला आल्या. घरातली संपली होती, आणि अनारसे कुणी केलेच नव्हते. झालं असं होतं की वाघिणीत भरायला जव हवा होता. खरा जव शहात्तर पट लहान केला तर केवढा होईल, याचा काकांनी हिशेब केला. राजगिरा मोठा पडला. खसखसही मोठी पडली, पण ती मोठी पडते हे कळेपर्यंत सगळी पुडी छपराच्या झडपांतून आत गेली होती. मग नाचणीचं पीठ चाळून झालं. मी म्हटलं, "काका, वरून छप्पर बंद. आत काय आहे हे दिसणार कुणाला?" ते म्हणाले, मला माहीत असतं ना.

काकूंची तक्रार वेगळीच होती. त्या म्हणायच्या, महिनाभर बसून वाघीण नवी कोरी करायची, एकेक रिव्हेट सुईनं उमटवायचा, आणि मग गंजाचा रंग फासून तीच मळवून ठेवायची. घरातली खिडकी पुसा म्हटलं तर मात्र वेळ नसतो. एकदा शिडी चिकटवताना काकांची दोन बोटंच एकमेकांना चिकटली. ती तशीच घेऊन ते सायकलवरून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, गेले. इथे काहीही झालं तरी पॅरासिटामॉल घ्यायला सांगतात. पॅरासिटामॉलशिवाय परत आलेला आमच्या ओळखीतला हा पहिला पेशंट.

शनिवारी आल्मेऱ्यातल्या एका हॉलमध्ये छोट्या रेल्वेवाल्यांचा क्लब भरतो. तिथे सगळ्यांच्या गाड्या सत्याऐंशी पट लहान केलेल्या असतात, कारण युरोपात तसाच रिवाज आहे. ब्रिटिशांचं माप वेगळं. त्यामुळे काकांची वाघीण त्यांच्या गाडीला जोडली की चुलत भावांच्या फोटोत कुणीतरी परका उंच माणूस येऊन उभा राहावा तशी दिसते. क्लबचे लोक भले. ते म्हणाले, डच मालगाडी कर, रोज समोरून जाते, बघायलाही सोपी. काकांनी नम्रपणे नकार दिला आणि पुढच्या शनिवारीही स्वतःची एकटी वाघीण टिफिनात कापसावर निजवून घेऊन गेले.

हे सगळं मला समजू शकत होतं. माझे स्वतःचे वडील घड्याळं उघडून बसायचे. एक गोष्ट मात्र काही केल्या समजत नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी काका इंग्लंडला जायचे, कारण एखादं माप राहिलेलं असायचं. कधी शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर. कधी ब्रेकच्या दांड्याची लांबी. ज्या माणसानं आयुष्यात काही मोजायचं सोडलं नाही, तो दर खेपेला काहीतरी मोजायचं विसरून यायचा. काकू सोबत जायच्या आणि या विसरभोळेपणाबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. यांच्याबरोबर संसार केलेल्या बाईनं टोमण्याची एवढी चांगली संधी सोडावी, हे मला चमत्कारिक वाटायचं.

गेल्या वसंतात काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काकांना एकट्याला पाठवायला त्या तयार नव्हत्या. माझी रजा शिल्लक होती, म्हणून मीच म्हटलं की मी जाते. काकूंनी बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या बॅगेत ठेवला. "केतकीला दे," म्हणाल्या. केतकी त्यांची मुलगी. ती इंग्लंडमध्ये असते एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे त्या घरात तिचं नाव फारसं निघत नसे.

विमानात धक्के बसतात म्हणून आम्ही दिवसाच्या बोटीनं गेलो. पलीकडच्या बंदरात पासपोर्ट बघणाऱ्या बाईंनी काकांना येण्याचं कारण विचारलं. काका म्हणाले, धान्याची वाघीण मोजायला आलोय. बाईंनी थोडा विचार केला आणि पुढचा नेहमीचा प्रश्न विचारला, "हाऊ लाँग?" काकांनी त्यांना वाघिणीची लांबी सांगितली. आधी फुटांत, मग त्यांचा चेहरा बघून मिलिमीटरमध्ये. पुढचा काही वेळ मी दोघांच्या मध्ये उभी राहून दुभाष्याचं काम केलं.

तिथून गाडीनं आणि मग बसनं आम्ही एका लहानशा गावात पोचलो. चहूकडे जवाची शेतं. गावाबाहेर हौशी लोकांनी जपलेला रेल्वेचा एक जुना तुकडा होता, आणि त्याच्या आडबाजूच्या रुळावर, गवतात, ती उभी होती. गंजलेली, एक झडप तुटलेली खरी वाघीण. कुंपणापलीकडे एक पत्र्याची शेड होती. शेडमधून एक मुलगी बाहेर आली. कामाचा ॲप्रन, केसांत लाकडाचा भुसा. तिच्या हातात चहाचे दोन मग होते. मला बघून ती थबकली, आत गेली आणि तिसरा मग घेऊन आली. ही केतकी. जुन्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायची तिची शेड.

बापलेकींनी एकमेकांना कसं आहे वगैरे काही विचारलं नाही. काकांनी खिशातून टेप काढली. केतकीनं न सांगता तिचं दुसरं टोक धरलं. काका मराठीत आकडा विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची. चाकापासून चाकापर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं. हे अंतर काकांना तोंडपाठ होतं. बोटीवर मला त्यांनी ते आपणहून सांगितलं होतं. मग त्यांनी तेच पलीकडच्या बाजूनं मोजलं. केतकी तिकडेही टेप धरून उभी राहिली. मी लाडवांचा डबा हातात घेऊन गवतात उभी होते. तेव्हा कुठे मला उमगायला लागलं.

परत आल्यावर मी काकूंना विचारलं. त्या पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. केतकी डेल्फ्टला इंजिनियरिंग शिकत होती. शेवटच्या वर्षी सोडून दिलं आणि लाकूडकाम शिकायला इंग्लंडला गेली. काका तिला फक्त एवढंच म्हणाले, की तुझं तू बघ. तिनं बघितलं. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. काकू एकट्याच तिच्याकडे जाऊन आल्या आणि येताना फोटो काढून आणले. एका फोटोत केतकी त्या गंजक्या वाघिणीपुढे उभी होती.

"तो फोटो ह्यांनी किती वेळ हातात धरला होता," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, आता विचारतील, कशी आहे म्हणून. तर म्हणाले, हा मागे डबा कसला आहे?"

त्या थोड्या हसल्या. "मी म्हटलं, मला काय माहीत. तुम्हीच जाऊन बघा."

म्हणून ब्रिटिश. म्हणून धान्याची.

उन्हाळ्याच्या शेवटी रेल्वेवाल्या हौशी मंडळींकडून काकांना मेल आली. इतकी वर्षं आवडीनं मोजायला येणाऱ्या पाहुण्याला त्यांनी मोठ्या आनंदानं कळवलं होतं की वाघिणीचं नशीब उघडलं, स्कॉटलंडमधल्या एका संग्रहालयानं ती घेतली, आता तिथे तिची नीट डागडुजी होईल. ट्रकवर चढवतानाचा फोटोही जोडला होता.

गल्लीतल्या सगळ्यांनी काकांचं अभिनंदन केलं. क्लबचे लोक म्हणाले, स्कॉटलंडला जा, आता रंगवलेलीही बघायला मिळेल. काका बरं म्हणाले. पण माळ्यावर जायचं त्यांनी थांबवलं. खाली सोफ्यावर बसून राहायचे. मी एकदा तब्येत कशी आहे विचारलं, तर म्हणाले, "साधारण बरी आहे." ते ऐकून काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. केतकीचा काकूंना फोन आला, दर रविवारी येतो तसा. काकूंचे हात पिठाचे, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर केतकी जरा घाईघाईनं इंग्रजीत म्हणाली, की त्या रुळावर आता दुसरी वाघीण आली आहे, कोळशाची. बाबांना विचार, मापं घ्यायला येणार का.

काका ताटावर बसले होते. "कोळशाच्या वाघिणीत मला काडीचा रस नाही," ते म्हणाले.

 काकूंचा चेहरा पडला. मी कोशिंबिरीकडे बघत बसले. काकांनी घास ताटात परत ठेवला, हात पंचाला पुसला आणि उठून फोनजवळ गेले. फोनमध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती. ते त्यावर वाकले, खोल आडात बघावं तसे.

"मापं घ्यायची नाहीत," ते म्हणाले. "तू काय काम करतेस ते बघायला यायचंय मला. चालेल का?"

 केतकीला मराठी सगळं समजतं, पण मी तिला ते बोलताना कधी ऐकलं नव्हतं. उच्चार थोडे डच होते.

"ये ना, बाबा," ती म्हणाली.

काकूंचा गुडघा आता बरा झाला होता, त्यामुळे या खेपेला काकांसोबत त्याच गेल्या. चार दिवसांनी दोघं परत आली, तेव्हा मी स्टेशनवरून त्यांना आणायला गेले. काका पुढे चालत होते. मागे काकू मला हळू आवाजात हकीकत सांगत होत्या. केतकीनं काकांना एका खुर्चीचा पाय आणि पॉलिशपेपर दिला, आणि कसं घासायचं ते दाखवलं. काका घासायला लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, उलट घासतोयस, लाकडाच्या रेषेनं घास.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाले काका?"

"काही नाही. पाय फिरवून धरला आणि तिनं सांगितलं तसं घासत राहिले. संध्याकाळपर्यंत."