नळसाहेबांच्या पुस्तकातली चूक

नळसाहेबांनी गावाचा इतिहास लिहिला आणि घरात पलंगाखाली जागा उरली नाही.

नळसाहेब म्हणजे पाणीखात्यातले निवृत्त इंजिनिअर. उभ्या नोकरीत त्यांनी गावातली एकूण एक गल्ली पाइपासाठी खणली. खणता खणता कुणाच्या दारात पूर्वी काय होतं, कुणाच्या आजोबांनी दुकान कसं थाटलं, हेही गोळा केलं. त्याचाच पुढे ग्रंथ झाला. तो इतका जाडजूड होता, की ज्याच्या पायावर पडेल त्याचंही नाव इतिहासात जावं.

ग्रंथ निघाल्या दिवसापासून साहेबांच्या खिशात एक लाल पेन्सिल असे. कुणीतरी पुस्तक वाचून चूक काढायला येईल आणि आपण ती दुसऱ्या आवृत्तीत सुधारू, एवढीच त्यांची इच्छा होती. स्तुतीची त्यांना हौस नव्हती. पण कुणी आलंच नाही. साहेब गठ्ठ्यांकडे बघत बसायचे, त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. त्यांच्या बायकोला, म्हणजे साऱ्या गावाच्या वहिनींना, ते बघवेना.

मग वहिनींनी मनावर घेतलं. लग्न असो, वाढदिवस असो की नवं दुकान, वहिनींकडून भेट म्हणून ग्रंथ ठरलेला. घरी येऊन सांगायचं, "आज आणखी दोन विकली." घरचा हिशेब त्यांच्याच हातात असल्यामुळे साहेब कधी खोलात शिरले नाहीत. पलंगाखाली पुन्हा झाडू फिरू लागला आणि साहेब दोन घास जास्त जेवू लागले. पेन्सिल मात्र तशीच टोकदार राहिली.

"सगळी आवृत्ती संपली, आणि एकसुद्धा चूक नाही?" ते म्हणत.

"नसेलच," वहिनी म्हणत आणि भांडी घासायला घेत.

अशात शहरातून एक फिल्मवाली आली. साहेबांचं पुस्तक तिनं कुठंतरी पाहिलं होतं आणि त्यावरून तिला गावावर फिल्म करायची होती. साहेबांनी आपल्या टेबलावरची उरलेली एकुलती एक प्रत तिला दिली. तिला आणखी एक गोष्ट हवी होती. लोक आपापल्या दुकानात बसून पुस्तक वाचताहेत असं दृश्य.

"त्यात काय! घरोघरी आहे. उद्याच निघू," साहेब म्हणाले.

पुस्तक घरोघरी होतं हे खरंच, पण ते तिथं काय करत होतं हे फक्त वहिनींना ठाऊक होतं. सलूनमध्ये ते लहान मुलांना उंच बसवायला खुर्चीवर ठेवलेलं होतं. बेकरीत टेबलाच्या मोडक्या पायाखाली होतं. टेलरकडे पुस्तकाच्या वजनाखाली कॉलरी बसायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा पुढच्या रस्त्यानं निघाला आणि वहिनी मागच्या गल्लीनं. प्रत्येक मागल्या दारात एकच निरोप. साहेब येताहेत, पुस्तक काढा, उघडा आणि वाचत बसा. गावात वहिनींचा शब्द कुणी मोडत नसे. सलूनवाल्यानं खुर्चीवरच्या मुलीच्या बुडाखालून पुस्तक ओढलं. मुलगी खाली गेली, कात्री होती तिथंच राहिली आणि कपाळावरचे केस जिन्यासारखे उतरते कापले गेले. बेकरीवाल्यानं पुस्तक काढताच टेबल गुडघ्यावर आलं आणि ट्रेमधले पाव रस्त्यावर गडगडत गेले. ते पाव बघून टेलरनं हातातली गरम इस्त्री खाली ठेवली, ती नेमकी गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या पाठीवर.

कॅमेरा साहेबांच्या पुढे होता, त्यानं हे सगळं टिपलं. साहेब पोचले तेव्हा तिघेही हातात पुस्तक घेऊन उभे होते आणि मागून जळक्या कापडाचा वास येत होता.

"काय वाचताय?" फिल्मवालीनं बेकरीवाल्याला विचारलं. दाराआड वहिनींनी डोळे मिटले.

बेकरीवाल्यानं पुस्तकाकडे बघितलंही नाही. "पुराच्या साली माझ्या आजीनं छपरावर चूल मांडून सगळ्या गल्लीला पाव दिले," तो घडाघडा म्हणू लागला. सगळं पान त्याला पाठ होतं. त्याचं पुस्तक आपोआप त्या पानावरच उघडत होतं आणि बोटं लागून लागून ते पान काळवंडलं होतं. सलूनवाल्याचं पुस्तक त्याच्या चुलत्याच्या आरशाच्या पानावर उघडलं. टेलरच्या पुस्तकात तर त्याचं पानच नव्हतं. ते फ्रेम होऊन मशीनच्या वर लागलं होतं.

"आणि बाकीची पानं?" साहेबांनी विचारलं.

"ती ज्याची तो वाचेल ना, साहेब. वहिनींनी सगळ्यांनाच भेट दिलंय."

साहेबांनी आशेनं लाल पेन्सिल काढली. चूकबीक काही? बेकरीवाला दुखावला. आजीबद्दल इतकं चांगलं लिहिलंय, त्यात चूक कशी असेल? साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली.

घरी परतताना ते म्हणाले, "एकही विकलं नव्हतंस ना?" वहिनी भराभर चालू लागल्या. "असू दे. पलंगाखाली होती त्यापेक्षा बरी आहेत." वहिनींना तेव्हा ते फार आवडले.

फिल्म शाळेच्या हॉलमध्ये दाखवली. पाव गडगडले तेव्हा लोक हसून लोळले. शेवटी पडद्यावर साहेब आले. तुमचं आवडतं पान कुठलं, असं फिल्मवालीनं त्यांना विचारलं होतं.

"पाणी आलं ते," साहेब सांगत होते. "उद्घाटनाच्या नळाला थेंब आला नाही. लोक मला हसले. पण वरच्या गल्लीत एका मुलीनं आदल्या दिवसापासून कोरड्या नळाखाली बादली लावून ठेवली होती. अख्ख्या गावात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच. पहिलं पाणी आलं ते तिच्या बादलीत. पुढे त्या मुलीशीच मी लग्न केलं."

सगळा हॉल वहिनींकडे वळला. आपल्याला हे जुनंच माहीत आहे अशा थाटात वहिनींनी मान डोलावली. प्रत्यक्षात त्या हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. साऱ्या गावाला पुस्तकं वाटून झाली होती, पण त्यांनी स्वतः एकही कधी उघडलं नव्हतं.

सकाळी त्या सलूनमध्ये गेल्या. सलूनवाल्यानं खुर्चीवरचं पुस्तक झटकून दिलं. "संध्याकाळपर्यंत आणा, वहिनी. शाळेला सुट्टी आहे, मुलं येतील."

त्यांचं पान कोरं करकरीत होतं. बाकावर बसून त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि पदरानं डोळे पुसले. तिसऱ्यांदा वाचताना मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती बादली त्यांनी विश्वासानं ठेवलीच नव्हती. त्या ती तिथं विसरल्या होत्या आणि त्यापायी आईची बोलणीही खाल्ली होती.

सांगावं की नाही, हा विचार घरापर्यंत पुरला. साहेब रिकाम्या टेबलाशी बसले होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात एक चूक आहे."

साहेब ताडकन उठले. त्यांनी वहिनींसाठी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, पेन्सिल काढली. इतक्या वर्षांत वहिनींनी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं आणि साहेबांनी सलूनमधून आणलेल्या पुस्तकाच्या समासात शब्दन् शब्द लिहून घेतला.

"म्हणजे विश्वास तुलाही नव्हता?"

"तेव्हा नव्हता," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी तेही लिहून घेतलं.