काटेमुक्त शेजार

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना उडायची हौस आली होती. ज्यांना पंख नव्हते त्यांना तर जरा जास्तच. म्हणून कोल्होबांनी हवाई कंपनी काढली. चार गिधाडं एक मोठं टोपलं उचलायची आणि प्रवाशांना डोंगरापलीकडे नेऊन सोडायची. भाडं मोहाच्या फुलांत.

सगुणा साळिंदरीण टिल्लूला घेऊन माहेरी निघाली होती. टिल्लू म्हणजे तिचं एवढंसं लेकरू. आईच्या अंगाला अंग लागलं नाही तर त्याला धडकी भरायची.

तिकीट-खिडकीत पोपट बसला होता.

"बाई, तुम्ही पहिल्या रांगेत. बाळ शेवटच्या."

"अहो पोपटदादा, तान्हं पोर ते! माझ्याजवळ नको का?"

"शेजारी बसण्याचं शुल्क वेगळं."

"त्याचं तिकीट काढलंय की!"

"ते उडण्याचं. आईचं वेगळं."

सगुणाची फुलं भाड्यातच संपली होती. ती काकुळतीला आली. "ते घाबरतं हो. आणि घाबरलं की..."

"आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," पोपट म्हणाला. त्याला तेवढंच पाठ होतं.

टिल्लू बसला लांडगेसाहेब आणि डुक्करराव यांच्या मध्ये. लांडगेसाहेबांनी पाय पसरण्याचं जादा शुल्क भरलं होतं. पिल्लू पाहून त्यांना वाटलं, त्यात नाश्ताही येतो. त्यांनी ओठ चाटले.

टोपलं उडालं. टिल्लूने मान उंच केली. आई दिसेना. त्याच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले.

पुढचं काय सांगू! लांडगेसाहेब असे केकाटले की एका गिधाडाची पकड सुटता सुटता राहिली.

"याच्या आईला आणा!"

"जागा बदलण्याचं शुल्क..." टोपल्याच्या काठावर बसलेल्या पोपटाने सुरुवात केली.

"दुप्पट घे, पण आण रे बाबा!" डुक्करराव कळवळले.

सगुणा आली. टिल्लू तिला बिलगला. काटे खाली बसले, त्याला झोपही लागली. सगुणाचे डोळे भरून आले.

कोल्होबांचेही आले. त्यांनी फुलं मोजली होती.

परतीच्या दिवशी पोपट चक्क उठून उभा राहिला. "बाई, तुम्हा दोघांना प्रवास फुकट! बाळ तेवढं मध्ये बसेल, तुम्ही लांब. बाकीच्यांसाठी नवी सोय आहे, काटेमुक्त शेजार. शुल्क वेगळं."

टिल्लू आईच्या पायांत शिरला होता. सगुणाने त्याच्याकडे पाहिलं, मग टोपल्याकडे.

"आग लागो तुमच्या फुकटाला!" ती म्हणाली आणि लेकराला घेऊन डोंगर चढू लागली.

कोल्होबांचं काही अडलं नाही. त्यांनी मधल्या जागेवर बाभळीची फांदी बांधली. ती तिकीट मागत नाही आणि तिला आईही लागत नाही.

तात्पर्य : आईच्या मायेला मोल नसतं, असं मोठी माणसं सांगतात. त्यांचं ऐकू नका. मोल असतं, बाळांनो. आईकडून वसूल झालं नाही, तर शेजाऱ्याकडून होतं.